स्वस्त हातातला स्कोप: आधी त्याच्या खोड्या ओळखा, मग वेव्हवर विश्वास ठेवा

मी नाशिकच्या सिडकोत घरीच बोर्ड रिपेरिंग करतो. अंबडच्या वर्कशॉपवाल्यांचे एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), वेल्डिंग मशीनची कार्डं आणि द्राक्षाच्या सीझनला ड्रिपचे टायमर, असं सगळं येतं. बेंचवरचा मोठा स्कोप (ऑसिलोस्कोप, व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ती वेव्ह स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) घ्यायची ऐपत नव्हती म्हणून तळहाताएवढा बॅटरीवाला डिजिटल स्कोप मागवला. कामाची वस्तू आहे, पण पहिले दोन महिने त्याने मला पार येडा बनवला.

झालं असं की दिंडोरीचे एक काका ड्रिपचा टायमर घेऊन आले, "भाऊ, रात्रीत तीनदा व्हॉल्व्ह आपोआप उघडला, पाणी वाया गेलं." आत एलएम२५७६ या स्विचिंग रेग्युलेटर चिपचा ५ व्होल्टचा सप्लाय. स्कोप लावला, टाइमबेस (स्क्रीनवरची एक चौकट म्हणजे किती वेळ) १० मिलिसेकंदावर, आणि स्क्रीनवर मस्त हळू डुलणारी वेव्ह, साधारण ४० हर्ट्झची. म्हटलं फिल्टर कॅपॅसिटर गेला, बदलला, वेव्ह तशीच, दुसरा बदलला, तरी तशीच. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की मेन्सचा (घरच्या विजेचा) रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लाट, ५० किंवा ब्रिज रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झचा असतो, हा ४० आला कुठून?

तर ती वेव्ह नव्हतीच. एलएम२५७६ साधारण ५२ किलोहर्ट्झवर स्विच होतो. माझा स्कोप डब्यावर सेकंदाला १० लाख सॅम्पल सांगतो, पण ते फक्त वेगवान टाइमबेसला. मेमरी फक्त १०२४ ठिपक्यांची, म्हणून टाइमबेस हळू केला की तो सॅम्पल घ्यायचा वेगच कमी करतो. एका चौकटीत २५ ठिपके धरा, १० मिलिसेकंदाला हिशोब सेकंदाला २५०० सॅम्पलवर येतो. ५२ हजारवेळा हलणाऱ्या गोष्टीचे २५०० फोटो काढले तर त्यातून भलतंच चित्र तयार होतं, त्याला एलियासिंग म्हणतात. पिक्चरमध्ये गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं ना, तोच प्रकार.

ओळखायची पद्धत सोपी. संशय आला की टाइमबेस एक-दोन घर बदला. खरी वेव्ह स्क्रीनवर ताणली किंवा आवळली जाते पण तिची फ्रिक्वेन्सी तीच राहते, खोटी असेल तर आकडाच उड्या मारतो, कधी ४०, कधी ३००. म्हणून मी आता नेहमी सगळ्यात वेगवान टाइमबेसपासून सुरू करून हळूहळू खाली येतो, उलटं नाही. (काकांच्या टायमरमध्ये शेवटी रिले कनेक्टरचं ड्राय सोल्डर निघालं. दोन चांगले कॅपॅसिटर उगाच काढले.)

आता बँडविड्थ, म्हणजे स्कोप किती फ्रिक्वेन्सीपर्यंत दाखवू शकतो ती मर्यादा. २०० किलोहर्ट्झ लिहिलंय म्हणजे तिथपर्यंत सगळं नीट दिसतं असं नाही, त्या फ्रिक्वेन्सीला १० व्होल्टचा साइन साधारण ७ व्होल्टचाच दिसतो, बँडविड्थची व्याख्याच तशी आहे. स्क्वेअर वेव्हचं अजून अवघड, कोपरे टोकदार दिसायला निदान पाचवा हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पाचपट) लागतो, म्हणजे या स्कोपवर ४० किलोहर्ट्झच्या पुढे स्क्वेअर वेव्हचा पेढा होतो. चढायचा वेळही १.७५ मायक्रोसेकंदांपेक्षा कमी दाखवूच शकत नाही, मग सर्किटमधला मॉस्फेट (स्विचिंग ट्रान्झिस्टर) कितीही फास्ट असो. ९६०० बॉडचा (सेकंदाला ९६०० बिटचा) सिरियल डेटा मजेत दिसतो, एक बिट १०४ मायक्रोसेकंदांची. ११५२०० ला एका बिटमध्ये आठ-नऊच ठिपके येतात, डेटा चालू आहे की नाही एवढं कळतं, बस. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बघायचा नादच सोडा, दिसणार तर नाहीच, वर प्रोबच्या (सर्किटला टेकवायच्या वायरच्या) कॅपॅसिटन्सने चालू ऑसिलेटर बंद पडायचा.

प्रोबवरच्या त्या बारीक स्लायडरकडे लक्ष द्या. स्वस्त स्कोपला प्रोब १एक्सवर (सिग्नल आहे तसा) आहे की १०एक्सवर (सिग्नल दहावा हिस्सा) हे कळत नाही, मेन्यूत आपणच सांगायचं, आणि तसा ऑप्शनच नसेल तर मनात दहाने गुणायचं. १०एक्सला आधी कॅलिब्रेशनच्या १ किलोहर्ट्झ स्क्वेअरवर लावून प्रोबचा छोटा स्क्रू फिरवा, माथा सपाट होईपर्यंत. तो आउटपुट नसेल तर अर्डुइनो उनो या बोर्डाच्या ५ नंबर पिनवर पीडब्ल्यूएम (चालू-बंद होणारा स्क्वेअर सिग्नल) सोडा, ९८० हर्ट्झच्या आसपास यायला हवं. नवीन स्कोप आला की पहिलं काम हेच करा, माहितीतला सिग्नल लावून तो काय दाखवतो ते बघा. रिपल बघायचा असेल तर मात्र १एक्स आणि एसी कपलिंग (डीसी अडवून फक्त बदलणारा भाग दाखवणारी सेटिंग), नाहीतर ३० मिलिव्होल्टचा रिपल ३ मिलिव्होल्ट होऊन नॉइजमध्ये हरवतो. ग्राउंडची लांब मगरक्लिप अँटेनासारखी वागते, स्पाइक दिसले की आधी ती आखूड करा, मग सर्किटला शिव्या द्या. आणि पीडब्ल्यूएम हळू असेल तर एसी कपलिंगमुळे सपाट माथा उतरता दिसतो, तो सर्किटचा दोष नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, मेन्स. २३० व्होल्ट म्हणजे पीक ३२५, आणि वरपासून खालपर्यंत ६५०. असल्या स्कोपचा इनपुट १एक्सला बरेचदा ५० व्होल्ट पीकच सोसतो, स्लायडर चुकून सरकला की गेला. बॅटरीवर आहे म्हणून ग्राउंड क्लिप कुठेही लावता येते असंही समजू नका, एसएमपीएसच्या प्रायमरीला (मेन्सच्या बाजूला) लावली की त्या बीएनसीच्या (प्रोब जोडायच्या सॉकेटच्या) धातूच्या टोपीवरही तेच व्होल्टेज येतं, आणि ती टोपी तुमच्या बोटाखाली असते. मेन्सची वेव्ह बघायचीच असेल तर १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावा आणि सेकंडरीवर बघा.

चार्जिंगला लावलेला स्कोप तर वेगळाच प्राणी. माझ्या एका मित्राने तो लॅपटॉपच्या यूएसबीवर ठेवून पॅनलच्या +२४ ला ग्राउंड क्लिप लावली, पॅनलचं निगेटिव्ह अर्थला होतं, लॅपटॉपचा अडॅप्टर थ्री पिनचा, लूप पूर्ण झाला आणि ठिणगी पडली. क्लिपचं टोक काळं झालं, लॅपटॉपचा तो पोर्ट परत चालला नाही. आणि अर्थ नसलेल्या मोबाइल चार्जरवर लावला तरी त्या चार्जरचा कचरा सगळ्या वेव्हवर केसांसारखा उगवतो, तो अर्धा तास शोधत बसू नका, केबल काढा आणि परत बघा.