तिघांचीही नावे, बिनचूक: १० डिसेंबरचा स्मरण-कार्यक्रम सोलापुरात कसा करावा

१० डिसेंबर १९७१ रोजी अरबी समुद्रावर भारतीय नौदलाच्या ३१० स्क्वाड्रनचे एक आलिझे विमान पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने पाडले. विमानात तिघे होते: लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि एअरक्रूमन विजयन. तिघेही परतले नाहीत. समुद्रापासून लांब असलेल्या सोलापुरातही शाळेला, महाविद्यालयाला किंवा गल्लीतल्या मंडळाला हा दिवस नीट पाळता येतो. खर्च फार नाही. काळजी मात्र भरपूर लागते, आणि ती सगळी नावांपाशी.

फलकावर वैमानिकाचे नाव ठळक आणि खाली ‘व सहकारी’ असे कधीही लिहू नका. आलिझे हे एकट्याने लढायचे विमान नव्हते. पुढे दोघे शेजारी-शेजारी, मागे तिसरा. पोटातला रडारचा घुमट खाली उतरवून पाणबुडीचा माग काढायचा, हे त्या विमानाचे मुख्य काम आणि ते बाकीच्या दोघांच्या हातात. म्हणून तिन्ही नावे एकाच चौकटीत, एकाच आकाराच्या अक्षरांत. क्रम हुद्द्याचा चालेल, अक्षरांचा आकार हुद्द्याप्रमाणे बदलायचा नाही.

यादीपासून सुरुवात करा, किमान सहा आठवडे आधी. नाव, हुद्दा, स्क्वाड्रन आणि तारीख असे चार रकाने आखा. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या विटांवर नावे कोरलेली आहेत. आपली यादी तिथल्या नोंदींशी अक्षर-अक्षर ताडून घ्या. अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर फलक छापू नका. फेसबुकवर फिरणाऱ्या याद्यांवरून तर मुळीच नको. तिथे त्याच युद्धात बुडालेली युद्धनौका आयएनएस खुक्री आणि ३१० स्क्वाड्रन यांची सरमिसळ सहज होते. खुक्री ९ डिसेंबरच्या रात्री बुडाली, तिच्यावरचे १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांची यादी वेगळी. त्यांनाही आदरांजली वाहायची असेल तर वेगळ्या फलकावर वाहा.

हुद्द्यांचे मराठी भाषांतर करू नका. नौदलातला लेफ्टनंट हा लष्करातल्या कॅप्टनच्या बरोबरीचा आणि लेफ्टनंट कमांडर हा मेजरच्या. कोणी ‘सोपे करून’ लष्करी हुद्दे लिहिले की एक-दोन पायऱ्या सरळ खाली येतात. ‘जवान’ हा शब्दही लष्कराचा, इथे ‘नौसैनिक’ म्हणा. आणि ‘हवाई दलाचे वीर’ असा मथळा आला तर फलक परत पाठवा. हे लोक नौदलाचे आहेत.

‘शहीद’ की ‘हुतात्मा’ यावर वाद होतोच. संरक्षण खात्याच्या अधिकृत भाषेत ‘शहीद’ ही संज्ञा नाही. आणि सोलापुरात हुतात्मा म्हटले की १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हेच डोळ्यांपुढे येतात. तो शब्द त्या चौघांचा राहू द्यावा. फलकावर ‘युद्धात वीरगती’ पुरे.

आता छपाई. ३ बाय ४ फुटांचा, ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) घ्या. फ्लेक्स नको, त्याला सुरकुत्या पडतात आणि उन्हात तो चमकतो. अक्षरांची उंची दर १० फुटांना १ इंच धरा. शेवटची रांग ३० फुटांवर असेल तर नावांना ३ इंच. काना-मात्रा वर-खाली जागा खातात, म्हणून दोन ओळींमध्ये अक्षराच्या निम्म्याइतके अंतर ठेवा.

खरी गडबड फॉन्टमध्ये होते. तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये देता, छापखान्यात तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला जातो आणि ‘रॉय’ मधला चंद्र सुटून ‘राय’ उरते, किंवा काना आणि चंद्र वेगळे होऊन ‘राॅय’ असे विचित्र काहीतरी उमटते. ‘लेफ्टनंट’ मधला अर्धा फ पाय मोडून उभा राहतो. उपाय एकच: नावे असलेली फाइल अक्षरांच्या बाह्यरेषा (आउटलाइन) करून पीडीएफमध्ये द्या आणि छपाईआधी कागदावर प्रत काढून घ्या. ती प्रत दोघांनी तपासायची. एकाने मूळ यादी उलट क्रमाने, शेवटच्या नावापासून मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रतीवर बोट ठेवून तसेच वर जायचे. सरळ वाचताना डोळा चूक आपोआप दुरुस्त करून घेतो, उलट जाताना तसे होत नाही.

चित्र टाकणार असाल तर विमान ओळखा. आलिझेच्या नाकावर पंखा आहे, त्यामागे रोल्स-रॉइस डार्ट इंजिन. नाकावर पंखा नसलेले, एकाच आसनाचे जेट दिसले तर ते सी हॉक, म्हणजे ३०० स्क्वाड्रनचे. सी हॅरियर तर १९७१ नंतर बऱ्याच वर्षांनी नौदलात आले. खात्री नसेल तर चित्र गाळा, नावे पुरेशी आहेत. गोव्यात बोगमाळोच्या वाटेवर नौदल हवाई संग्रहालयात आलिझे प्रत्यक्ष उभे आहे. सहल तिकडे जाणार असेल तर छायाचित्र स्वतःच काढून आणा.

कायमचा दगडी फलक करायचा असल्यास ३ बाय २ फूट, २० मिलिमीटर ग्रॅनाइट. त्याचे वजन सुमारे ३० किलो भरते. नुसत्या चिकटद्रव्यावर भिंतीला लावू नका. सोलापूरच्या उन्हात भिंत तापते, निवते आणि जोड सुटतो. चार कोपऱ्यांना स्टीलच्या खिळ्या हव्यातच. कोरीव अक्षरांत सोनेरी रंग भरायचा मोह टाळा, तो लवकर काळवंडतो. पांढरा इनॅमल टिकतो.

अनावरणासाठी तिरंगा पांघरू नका. ध्वजसंहितेनुसार पुतळा किंवा स्मारक झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही. इथल्याच मागावरचे साधे पांढरे कापड घ्या. नौदलाचा ध्वज नौदलानेच फडकवायचा असतो, तोही आणू नका.

कार्यक्रम वीस मिनिटांचा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे पाचला सुरू केलेले बरे. भाषण एकच, पाच मिनिटांचे. मग नामवाचन: हुद्दा, पूर्ण नाव, ‘३१० स्क्वाड्रन’, आणि प्रत्येक नावानंतर मनात तीन आकडे मोजण्याइतकी शांतता. वाचणाऱ्याने आदल्या दिवशी नावे दहादा मोठ्याने म्हणून ठेवावीत. विजयन हे दाक्षिणात्य नाव आहे, ‘विजय’ म्हणून थांबायचे नाही.

त्यानंतर घंटा. जहाजावर पहारा संपला की आठ ठोके पडतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत, आणि दर्यावर्दी गेला की त्याच्यासाठीही तेच वाजवण्याची रीत आहे. पंढरपुरात मिळते तशी पितळी घंटा चालते. फक्त तिचा लोळा मोकळा ठेवला तर ती किणकिणत राहते. लोळ्याला वीतभर लांबीची जाड दोरी बांधा, दोरी हातात ताठ धरा आणि प्रत्येक ठोक्यानंतर लोळा मधोमध आणून थांबवा. ठोका, ठोका, दोन सेकंद थांबा, पुढची जोडी. आदल्या संध्याकाळी सराव केल्याशिवाय हे जमत नाही.

आठव्या ठोक्याचा नाद विरला की दोन मिनिटे स्तब्धता. घड्याळ एकाच माणसाच्या हातात द्या. ध्वनिक्षेपक आणि पंखे बंद करा, नाहीतर गुणगुण शांतता खाऊन टाकते. मग पुष्पचक्र: १८ इंची, बांबूच्या कड्यावर शेवंती आणि झेंडू. फुले सकाळीच बांधून ओल्या फडक्यात ठेवावीत. शेवटी राष्ट्रगीत, ५२ सेकंदांत.

दुसऱ्या दिवशी फलक भिंतीला टेकवून ठेवू नका. एप्रिलपर्यंत सनबोर्ड पोटाशी वाकतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, अक्षरे वर करून, कपाटाच्या तळाशी सपाट ठेवा. मूळ यादी, छापलेली प्रत आणि ताडणी करणाऱ्या दोघांच्या सह्या असलेला कागद त्याच गुंडाळीत घाला, म्हणजे पुढच्या वर्षी यादी नव्याने शोधावी लागणार नाही.