लॅबचे होम फोल्डर सर्व्हरवर नेण्याआधी : तयारीची यादी

वीस-तीस लिनक्स मशिनं असलेल्या कॉलेज लॅबसाठी ही यादी आहे. विद्यार्थी कुठल्याही खुर्चीवर बसला तरी लॉगिन केल्यावर त्याचंच काम त्याच्यासमोर यायला हवं, म्हणून सगळ्यांचे होम फोल्डर एका सर्व्हरवर ठेवून एनएफएसने (एका मशिनवरचे फोल्डर नेटवर्कवरून बाकीच्या मशिनांना वापरायला देणारी सोय) वाटायचे आहेत. नुसतं एनएफएस बसवायला अर्धा तास पुरतो. उबुंटूवर एक पॅकेज, कोणता फोल्डर कोणाला वाटायचा ते सांगणाऱ्या एक्स्पोर्ट्स फाइलमध्ये एक ओळ, की झालं. त्यामुळेच बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि ऐन टर्ममध्ये अडकतात. तुम्ही सुरुवात कागदावर करा.

कागदावर सगळ्यात आधी युआयडी, म्हणजे प्रत्येक खात्याचा आकडा, लिहा. परवानगी तपासताना एनएफएस नाव बघत नाही, आकडा बघतं. मशिनवर हाताने खाती उघडली की पहिल्याला १०००, दुसऱ्याला १००१ असे नंबर आपोआप पडतात. पाच नंबरच्या मशिनवर १००१ म्हणजे एक मुलगी आणि बारा नंबरवर तोच १००१ म्हणजे भलताच मुलगा, अशी स्थिती बहुतेक जुन्या लॅबमध्ये असतेच. सामायिक फोल्डर जोडला की दोघंही एकाच फाइलचे मालक. व्हर्जन ४ मध्ये नावांची देवाणघेवाण होते, म्हणजे हा प्रश्न मिटला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका; साध्या सिस पद्धतीत (मशिनने सांगितलेला आकडा सर्व्हर तसाच मानतो ती) तिथेही परवानगी आकड्यावरच ठरते. एलडीएपी (सगळ्यांची खाती एकाच जागी ठेवणारी यंत्रणा) लावता आलं तर उत्तम. नाहीतर प्रत्येक बॅचला आकड्यांचा एक पट्टा द्या, त्यात रोल नंबर मिळवा आणि तेच आकडे सगळ्या मशिनवर घाला. ग्रुपही मोजा: या पद्धतीत एका विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ ग्रुप जातात. सतराव्या ग्रुपमुळे मिळणारी परवानगी चालत नाही आणि कारण पटकन सापडत नाही.

दुसरं ठरवायचं ते म्हणजे विश्वास कोणावर. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस आणलं तेव्हा नेटवर्कवरची सगळी मशिनं एकाच माणसाच्या ताब्यात आहेत, हे गृहीतच होतं. सिस पद्धत अजून त्याच गृहीतावर चालते. क्लायंट, म्हणजे लॅबमधलं मशिन, म्हणतो ‘मी १००१’, सर्व्हर मान डोलावतो. वर्गातल्या प्रॉक्सी हजेरीसारखंच, ज्याने ‘येस सर’ म्हटलं तो हजर. रूट-स्क्वॉश मुळातच चालू असतं आणि क्लायंटवरच्या रूटला, म्हणजे सर्वाधिकारी खात्याला, सर्व्हरवर ‘नोबडी’, म्हणजे खास अधिकार नसलेलं खातं, करून टाकतं, पण तो रूट दुसऱ्या कोणाचा युआयडी घेऊन आला तर ते काहीच करू शकत नाही. म्हणून लॅबच्या मशिनांचा रूट पासवर्ड विद्यार्थ्यांकडे नको, पेन ड्राइव्हवरून बूट होणं बायॉसमध्ये बंद हवं, आणि भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटला कोणी स्वतःचा लॅपटॉप लावला तर त्याला सर्व्हरच्या नेटवर्कमध्ये जागा मिळायला नको. यातलं काही तुमच्या हातात नसेल तर केर्बेरॉस (नुसत्या आकड्यावर न विसंबता ओळख पटवून घेणारी यंत्रणा) लावण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात केआरबी५पी हा पर्याय निवडला तर वाटेतला मजकूरही सांकेतिक होतो. केर्बेरॉस बसवणं जिकिरीचं आहे, त्याला सुट्टीतला निवांत आठवडा राखून ठेवा.

आता एक्स्पोर्ट्स फाइल. होमसाठी सर्व्हरवर वेगळं पार्टिशन काढा. पार्टिशनमधला एखादाच फोल्डर वाटला आणि सबट्री तपासणी (मागितलेली फाइल वाटलेल्या फोल्डरमधलीच आहे ना, हे बघणं) बंद असली, जी आता मुळातच बंद असते, तर फाइल हँडल (सर्व्हर ज्यावरून फाइल ओळखतो ती खूण) बनवू शकणारा माणूस त्या पार्टिशनच्या बाकीच्या भागातही डोकावू शकतो. मशिनचे पत्ते नेमके लिहा, सगळ्या जगाला चालणारी चांदणी (*) वापरू नका. पत्ता आणि त्यापुढचा कंस यांच्यात स्पेस सोडू नका. स्पेस पडली की तो पत्ता मुळातल्या सेटिंगवर जातो आणि कंसातली लिहिण्याची परवानगी बाकी सगळ्यांना मिळते. डोळ्यांना ही चूक दिसत नाही, म्हणून फाइल दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. सिंक पर्याय ठेवा, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच सर्व्हर तसं कळवतो. असिंकने वेग वाढतो, पण डिस्कवर पोचण्याआधीच सर्व्हर ‘लिहिलं’ म्हणून कळवतो, आणि त्या क्षणी वीज गेली तर विद्यार्थ्याने सेव्ह केलेला प्रोग्राम गेला. जून-जुलैत आपल्याकडे हे होतंच. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर हवेत. नुसता सर्व्हर ठेवून उपयोग नाही.

विजेचाच पुढचा भाग. वीज परत आली की क्लायंट भराभर उठतात, सर्व्हर डिस्क तपासत बसलेला असतो. त्यामुळे क्लायंटच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय जोडायचं त्याच्या यादीत) हे नेटवर्कवरचं माउंट, म्हणजे जोडलेला फोल्डर, आहे असं सांगणारा नेटडेव्ह पर्याय घाला, किंवा ऑटोमाउंट वापरा, म्हणजे कोणी लॉगिन करेल तेव्हाच फोल्डर जोडला जाईल. होमसाठी माउंट हार्डच ठेवा. सॉफ्ट माउंट ठरलेल्या प्रयत्नांनंतर एरर देऊन मोकळं होतं आणि अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहू शकते. हार्डमध्ये मशिन गोठल्यासारखं वाटतं, सर्व्हर आला की काम जिथे थांबलं तिथून पुढे चालू लागतं. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर व्हर्जन ४ मध्ये क्लायंटना जुने लॉक (फाइलवरचे ताबे) परत मिळवण्यासाठी साधारण ९० सेकंदांची मुदत असते. तेवढा वेळ फाइली उघडत नाहीत. हे लॅब असिस्टंटना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दीड मिनिटात ते पुन्हा बटण दाबतील.

फायरवॉलचं सोपं आहे. फक्त व्हर्जन ४ चालू ठेवलं तर २०४९ हा एकच पोर्ट पुरतो. व्हर्जन ३ मध्ये १११ आणि वर माउंट, लॉक वगैरेंचे पोर्ट सांभाळावे लागतात. व्हर्जन ३ बंद केल्यावर वाटलेल्या फोल्डरांची यादी देणारं शोमाउंट काही दाखवेनासं झालं तर ते बिघडलेलं नाही.

नवी डिस्क मागवण्याआधी स्विच बघा. सकाळच्या प्रॅक्टिकलला तीस जण एकदम लॉगिन करतात. सर्व्हरची वायर एक गिगाबिटची असेल तर कागदोपत्री सेकंदाला १२५ मेगाबाइट, म्हणजे माणशी चार. कोपऱ्यात जुना १०० मेगाबिटचा स्विच लपलेला असेल तर सगळ्यांत मिळून साडेबारा. ब्राउझरची कॅश क्लायंटच्या स्वतःच्या डिस्कवर वळवा. निम्मा त्रास तिथेच कमी होतो. एसक्यूलाइटचे डेटाबेसही एनएफएसवर नकोत, कारण तिथलं फाइल लॉकिंग भरवशाचं नसतं. डीबीएमएसच्या शिक्षकांशी हे आधी बोलून घ्या. सगळ्या मशिनांचं घड्याळ क्रोनी या प्रोग्रामने जुळवा, नाहीतर सी प्रोग्रामिंगच्या तासाला प्रोग्राम बांधणारं ‘मेक’ हे फाइलची वेळ भविष्यातली आहे म्हणून कुरकुर करणार. कोटा, म्हणजे माणशी जागेची मर्यादा, लावा. पाच जीबी दिले तर साठ विद्यार्थ्यांना ३०० जीबी होतात, आणि एकाने सिनेमे भरले तरी बाकीचे वाचतात.

बॅकअप दुसऱ्या मशिनवर हवा. सामायिक फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, फाइल पुसणारी आरएम कमांड चालवली की फाइल सगळीकडून एकदमच जाते. एक फोल्डर प्रत्यक्ष परत आणून बघितल्याशिवाय या ओळीपुढे टिक करू नका.

मग एका मशिनवर, दोन खोट्या खात्यांनी चाचणी घ्या. एकाने दुसऱ्याची फाइल उघडून बघायची, सेव्ह चालू असताना केबल काढून परत लावायची, कोटा मुद्दाम भरायचा, आणि यादीत नसलेल्या मशिनवरून माउंट करून बघायचं, ते नाकारलं गेलं पाहिजे. हे जमलं की जुने होम फोल्डर आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने सर्व्हरवर आणा, पण मालकी नव्या युआयडीप्रमाणे बदलायला विसरू नका, नाहीतर पहिल्याच दिवशी अर्ध्या वर्गाला स्वतःचीच फाइल उघडता येणार नाही. मूळ प्रती क्लायंटवरून लगेच पुसू नका, नाव बदलून सेमिस्टर संपेपर्यंत तिथेच राहू द्या. आणि हा बदल प्रॅक्टिकल परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात करायचा नाही, एचओडींनी कितीही घाई केली तरी.