मॅपवर बेट बघून मासे कसे ओळखायचे

मासे बघायला लक्षद्वीपला जायचं की अंदमानला हे नाशकात बसून ठरवताय ना, मग आधी मोबाईलवर सॅटेलाइट मॅप उघडा आणि बेट झूम करा. मधे उथळ, फिकट निळं पाणी अन भोवती रीफचं (समुद्रातल्या प्रवाळाच्या बांधाचं) कडं दिसलं की ते अ‍ॅटॉल, लक्षद्वीपला बहुतेक हेच. आतल्या लगूनमधले (म्हणजे त्या उथळ पाण्यातले) मासे वेगळे आणि बाहेर लाटा आपटतात त्या उतारावरचे वेगळेच. अंदमानला डोंगर, ओढे, खारफुटी (किनाऱ्याला गडद हिरवा पट्टा दिसतो ना, तीच), म्हणून तांबोशीची पिल्लं मुळांच्या जाळीत वाढतात न मोठी झाली की रीफकडे जातात. आणि बेट एकटं, लांब असेल तर माशांच्या जाती कमीच धरा, कारण पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत तिथवर पोचायला पाहिजेत ना!