एकाच घरात दोन राउटर पत्ते वाटू लागले तर

जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून वाय-फाय फारसे पलीकडे जात नाही, त्यामुळे मालवण-तारकर्लीकडच्या घरगुती निवासांत पडवीत फायबरचा मुख्य राउटर आणि मागच्या खोल्यांसाठी केबल ओढून बसवलेला दुसरा राउटर अशी मांडणी सर्रास दिसते. पावसाळ्याच्या तोंडी विजा होऊन तो दुसरा राउटर जळतो, त्याच केबलला नवा जोडला जातो आणि तक्रारी सुरू होतात: एका पाहुण्याचे नेट चालते, दुसऱ्याच्या फोनवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसूनही काहीच उघडत नाही, आणि लाईट जाऊन आली की नेमके उलटे होते. अशा वेळी नेटवाल्याला फोन करण्याआधी घरात आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कमधल्या प्रत्येक उपकरणाचे क्रमांक, कोण वाटत आहे, ते पाहावे.

पत्ते आपोआप देणाऱ्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. फोन जोडला गेला की तो संपूर्ण नेटवर्कला उद्देशून पत्ता मागतो आणि सहसा ज्याचे उत्तर आधी येईल त्याचा पत्ता घेतो. नव्या राउटरमध्ये ही सेवा बहुधा चालूच असते. त्याने पत्त्यासोबत गेटवे, म्हणजे नेटकडे जाण्याचा दरवाजा, म्हणून स्वतःलाच पुढे केले आणि त्याच्या वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचे नेट आत येण्याच्या खाचेला, काहीच जोडलेले नसले, तर त्या फोनचे नेट तिथेच अडते.

विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' (ipconfig /all) ही आज्ञा द्यावी आणि 'डीएचसीपी सर्व्हर' (DHCP Server) ही ओळ वाचावी. चालणाऱ्या लॅपटॉपवर तिथे १९२.१६८.१.१ आणि न चालणाऱ्यावर १९२.१६८.०.१ दिसले, तर वाटणारे दोन आहेत हे उघड झाले. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मात्र कोणाकडूनच उत्तर आलेले नाही. तेव्हा आधी केबल आणि तिची टोके तपासावीत, कारण खाऱ्या हवेत ती लवकर गंजतात.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा आहे. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकल्यावर कोणाचे सेटिंगचे पान उघडेल याचा भरवसा नसतो, म्हणून प्रथम दोघांमधली केबल काढावी. लॅपटॉप फक्त दुसऱ्या राउटरला जोडून त्याचा लॅन पत्ता, म्हणजे घरातल्या नेटवर्कमधला त्याचा स्वतःचा पत्ता, १९२.१६८.१.२ करावा, तो पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर जाऊन डीएचसीपी बंद करावे, आणि मगच मुख्य राउटरकडून आलेली केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये, म्हणजे घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत, घालावी. राउटरमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असल्यास हेच काम तो स्वतः करतो. काही जण केबल वॅन पोर्टमध्ये घालून वेळ निभावून नेतात. दोन्हीकडचे पत्ते वेगळ्या मालिकेतले असतील तर नेट चालतेही, पण पुढच्या खोलीतल्या संगणकाला मागच्या खोलीतला प्रिंटर सापडत नाही, म्हणून हा मार्ग मला पसंत नाही.

जुने पत्ते मुदत संपेपर्यंत उपकरणांकडेच राहतात, त्यामुळे फोनचे वाय-फाय बंद-चालू करावे आणि लॅपटॉपवर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' (ipconfig /release) व नंतर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' (ipconfig /renew) द्यावे.

एवढे करूनही एखादेच उपकरण अधूनमधून तुटत असेल, तर संशय हाताने पत्ता दिलेल्या उपकरणांवर घ्यावा. कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरला बसवणाऱ्याने १९२.१६८.१.१०० दिलेला असतो आणि राउटरही १०० ते २०० मधले पत्ते वाटत असतो. डीव्हीआर बंद असताना तो पत्ता एखाद्या पाहुण्याच्या फोनला गेला की दोघेही अडखळतात. डीव्हीआर आणि प्रिंटर यांना १० ते ५० मधले पत्ते द्यावेत, किंवा मुख्य राउटरमध्येच त्यांच्यासाठी पत्ता राखून ठेवावा.

शेवटी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा आणि 'डीएचसीपी सर्व्हर'च्या ओळीत सगळीकडे मुख्य राउटरचाच पत्ता येतो ना, हे पाहावे. दुसऱ्या राउटरवर '१९२.१६८.१.२, डीएचसीपी बंद' अशी चिठ्ठी चिकटवावी, कारण नेट अडले की कोणीतरी टाचणीने रीसेटचे बटण दाबतोच आणि डीएचसीपी पुन्हा चालू होते.