बालवाडीत प्रात्यक्षिकाला जाताय? या चुका टाळा

बारावीला व्यवसाय शिक्षणात बालसंगोपन आणि पूर्वप्राथमिक शिक्षण घेतलेल्या मुलींना मी दर जूनमध्ये परळ-लालबागच्या बालवाड्यांत प्रात्यक्षिकासाठी घेऊन जाते. सगळ्या जणी मनापासून आलेल्या असतात. 'मला लहान मुलं खूप आवडतात,' हे प्रत्येकीच्या तोंडी असतं आणि ते खरंही असतं. पण आवड आणि नजर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नजर शिकावी लागते, आणि बहुतेक चुका ती नसल्यामुळेच होतात.

पहिली चूक निरीक्षण वहीतच दिसते. एका मुलीने लिहिलं होतं, 'हा मुलगा हट्टी आहे, डबा खात नाही.' मी तिला म्हटलं, उद्या काही करू नकोस, फक्त त्याच्या शेजारी बस आणि दिसेल ते लिही. दुसऱ्या दिवशीचं पान असं होतं: 'पावणेअकराला डबा उघडला. पोळीचा तुकडा तोंडात घातला. उजव्या बाजूनेच चावतो. मध्येच थांबून गाल धरला. वरणात कुस्करून दिली तेव्हा अर्धी पोळी खाल्ली.' बालवाडीच्या बाईंनी त्याला 'आ' करायला लावलं, तर डावीकडची दाढ किडलेली. हट्टी, लाजरा, मस्तीखोर, हुशार हे शब्द वहीत येऊच देऊ नका. वेळ, कृती आणि मुलाचे शब्द, एवढंच लिहा.

दुसरी चूक दारात होते. मूल रडतंय, आई ताटकळली आहे, तिला आठ बाविसची लोकल पकडायची आहे. मग 'ती बघ चिऊ' म्हणून मुलाचं लक्ष वळवायचं आणि आईने हळूच निघून जायचं. त्या दिवसापुरतं हे जमतं. दुसऱ्या दिवशी मूल आईचा पदर सोडत नाही, कारण नजर हटली की आई नाहीशी होते हे त्याला आता कळलेलं असतं. आईला सांगून निघू द्या, भले मूल रडो. 'साडेबाराला येईल' याचा तीन वर्षांच्या मुलाला काही अर्थ नाही. 'गाणी होतील, मग खाऊ, मग हात धुऊ, आणि मग आई' हे त्याला समजतं. आईचा एखादा रुमाल हातात राहिला तर राहू द्या. पहिला आठवडा तासाभराचाच ठेवला तर उत्तम.

तिसऱ्या चुकीत पालकांचाही दबाव असतो. 'अजून एबीसीडी लिहीत नाही?' असं कुणी विचारलं की आपण घाबरून पेन्सिल हातात देतो. तीन-चार वर्षांच्या मुलाच्या मनगटाची हाडं अजून पुरती तयार झालेली नसतात आणि बोटांत तेवढी ताकद नसते. त्याआधी कणीक मळणं, शेंगा सोलणं, कागद फाडून चिकटवणं हवं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानलाय आणि त्यात भर आहे तो खेळावर. आपल्याकडे हे नवं नाही. मुंबईत जन्मलेल्या शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या आणि अनुताई वाघांना सोबत घेऊन गावातल्या वस्तूंमधूनच बालशिक्षण उभं केलं. चाळीच्या खोलीतही बिया, पानं, बाटल्यांची झाकणं मिळतात. मात्र तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, बिया देऊ नका आणि पाच वर्षांखालच्यांना अख्खे शेंगदाणे किंवा चणे देऊ नका, घशात अडकतात. द्राक्षंही उभी चिरून द्या.

मुंबईत आणखी एक अडचण हमखास येते. वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, तेलुगू घरांतली मुलं एकत्र असतात. मूल गप्प बसलं की मंद ठरवू नका. त्याच्या घरच्या भाषेत पाणी, शू, भूक, दुखतंय आणि आई हे पाच शब्द आईकडून शिकून घ्या. निम्मी रड तिथेच थांबते.

मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला टाकू नका. हे मला दरवर्षी सांगावं लागतं.

शेवटची चूक कोर्स संपल्यावरची: आता आपण शिक्षिका झालो असं समजणं. बारावीच्या या प्रमाणपत्रावर पाळणाघरात किंवा बालवाडीत मदतनीस म्हणून सुरुवात होते. पुढे शिक्षिका व्हायचं तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची पूर्वप्राथमिक शिक्षण पदविका आहे. तिला बारावीत ५० टक्के गुण लागतात, म्हणून बाकीच्या विषयांकडे दुर्लक्ष करू नका. तीन महिन्यांत 'टीचर' करतो म्हणणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी मान्यतेचं पत्र मागा. आणि मुलाखतीला जाताना निरीक्षण वही सोबत न्या, मुलांची नावं आधी खोडून.