काळ्याची कड: सोलापुरात बसून नॉयर सिनेमांच्या डिस्क कशा जमवाव्यात

मी चादरी आणि टॉवेलांची डिझाइनं करतो. पूर्वी आलेखाच्या कागदावर एकेक चौकट भरायची, त्यावरून जकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्रणेची, कार्डं पंच व्हायची. आता तेच काम संगणकावर होतं. सत्तावीस वर्षांत डोळ्यांना एक सवय लागली आहे. दोन काळी सुतं शेजारी धरली की एक निळसर दिसतं, दुसरं तपकिरी. गिऱ्हाइकानं पसंत केलेला काळा पुढच्या लॉटमध्ये तसाच आला नाही, तर माल परत येतो. नॉयर सिनेमांच्या डिस्क घेताना मी हीच नजर वापरतो. या सिनेमांत अर्धा पडदा अंधाराचा असतो. तो अंधार ज्या डिस्कवर नीट उतरला ती घ्यायची. जिच्यावर तो राखाडी झाला किंवा डांबरासारखा थापला गेला, ती फुकट मिळाली तरी कपाटातली जागा अडवते.

हा प्रकार ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये अमेरिकन सिनेमे येणं बंद होतं. युद्ध संपल्यावर ते एकदमच आले, आणि १९४६ मध्ये तिथल्या समीक्षकांनी त्यांतल्या काही गुन्हेगारीपटांना ‘फिल्म नॉयर’, म्हणजे काळा सिनेमा, असं नाव दिलं. १९४१ च्या ‘द माल्टीज फाल्कन’पासून १९५८ च्या ‘टच ऑफ इव्हिल’पर्यंतचा काळ साधारणपणे अभिजात नॉयरचा धरतात. पुढचे, बहुतेक रंगीत, ते निओ-नॉयर.

सुरुवात हिंदीपासून करा, असं मी प्रत्येकाला सांगतो. गुरुदत्तचा ‘बाझी’ (१९५१) आणि ‘आर पार’ (१९५४), त्यानंच निर्मिलेला आणि राज खोसलानं दिग्दर्शित केलेला ‘सी.आय.डी.’ (१९५६), शक्ती सामंताचा ‘हावडा ब्रिज’ (१९५८). हे चार घरात असले की सावली कशी वापरतात ते आपल्या ओळखीच्या चेहऱ्यांवर कळतं. ‘आर पार’ आणि ‘सी.आय.डी.’चा कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा आहे. अंधारातून देव आनंदच्या चेहऱ्याची एकच बाजू उजळते, तिथं थांबा आणि ती कड बघा. मला नॉयरची गोडी तिथून लागली.

या डिस्क आता नव्या दुकानांत क्वचितच दिसतात. मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली, तेव्हा सोलापुरातही घरोघरी डिस्क आल्या. मग भाड्यानं डिस्क देणाऱ्या लायब्ऱ्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांचा माल पोत्यात भरून गेला. तो माल अजून शहरात आहे. भंगारवाल्याकडे, जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर, बंद पडलेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या मागच्या खोलीत. नुसतं ‘जुन्या सीडी आहेत का’ विचारलं तर ‘नाही’ म्हणतात. ‘जुने ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर पाहिजेत, सगळं पोतं बघतो’ म्हटलं की पोतं बाहेर येतं. माझी ‘हावडा ब्रिज’ची डीव्हीडी अशाच पोत्यातून दहा रुपयांना निघाली. वर्षातून दोनदा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातो, जुन्या बाजारात फिरतो आणि रात्री परत येतो. बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो, त्याप्रमाणे सुट्टी काढा.

व्हीसीडी नाइलाज असेल तरच घ्या. तिच्यावर चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं असतं आणि अंधाराचे प्रसंग आले की ते चौकोनांत फुटतं. मला तर तिथं आलेखाचा कागदच दिसायला लागतो. डीव्हीडीवर ७२० बाय ५७६ किंवा ४८०, ब्लू-रेवर १९२० बाय १०८०. नॉयरला हा फरक इतर सिनेमांपेक्षा जास्त जाणवतो.

हिंदी डिस्क घेताना एक हिशेब जरूर करा. हा मला फार उपयोगी पडला आहे. सुरुवातीला सेन्सॉरचं प्रमाणपत्र दिसतं, तिथं थांबवा. त्यावर फिल्मची लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये लिहिलेली असते. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते. म्हणून फूट असतील तर ९० नं भागा, मीटर असतील तर २७.४ नं. १३,५०० फूट म्हणजे १५० मिनिटं. डिस्क पाल पद्धतीची (युरोपातल्या आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्हीची पद्धत) असेल तर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी पळतो, म्हणून चार टक्के वेळ कमी होतो. १५० ची १४४ मिनिटं झाली तर काळजी नाही. हिंदी डिस्क पुष्कळदा एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीच्या असतात. त्यांत सिनेमा असा पळत नाही, म्हणून त्यांना ही सूट देऊ नका. यापेक्षा जास्त तफावत निघाली की समजायचं, कुणीतरी कात्री चालवली आहे. बहुतेक वेळा गाणं गेलेलं असतं, नाहीतर विनोदी पात्राचा एखादा प्रसंग. माझ्याकडे एका सिनेमाच्या तीन डिस्क आहेत आणि तिन्हींची लांबी वेगळी आहे. सगळ्यांत मोठी आहे ती सगळ्यांत वाईट दिसणारी. ती टाकून देऊ नये. चित्रासाठी एक, पूर्ण कथेसाठी दुसरी, असं ठेवावं लागतं.

आता परदेशी डिस्क. इथं पहिली अडचण रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालावी या कुलपाची. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, अमेरिका १, युरोप २. आपल्याकडचे साधे डीव्हीडी प्लेअर बहुतेक सगळं चालवतात, त्यामुळे तिथं अडत नाही. ब्लू-रेमध्ये मात्र अडतं. अमेरिका ए, युरोप बी, आणि आपण सी. इथं घेतलेल्या प्लेअरवर अमेरिकेची कुलूपबंद डिस्क लागणार नाही. एक तर सर्व रीजन चालवणारा प्लेअर घ्या, नाहीतर रीजन फ्री लिहिलेल्याच डिस्क मागवा. फोर-के (ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या) डिस्कला रीजनचं कुलूप नसतं, ही आपल्यासाठी मोठी सोय. पण त्याच डब्यात जोडीला येणाऱ्या ब्लू-रेला ते असू शकतं आणि मुलाखती, माहितीपट बहुतेक त्याच ब्लू-रेवर असतात. डबा मागवण्याआधी हे वाचून घ्या. टपालानं आलेल्या पार्सलवर कस्टम लागलं तर पोस्टमन ते वसूल करूनच पार्सल हातात देतो. म्हणून किंमत, टपाल आणि कस्टम मिळून जो आकडा होतो, तोच डिस्कचा भाव समजा.

कोणती आवृत्ती घ्यावी, हा या छंदाचा गाभा आहे. अमेरिकेत त्या काळी कॉपीराइट २८ वर्षांनी नूतनीकरण करावा लागे. काही नॉयर सिनेमांच्या बाबतीत ते झालंच नाही. ‘डिटूर’ (१९४५), ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५), ‘डी.ओ.ए.’ (१९५०) असे कितीतरी मोकळे झाले. मोकळे झाले म्हणजे ज्याला जी झिजलेली प्रत मिळाली त्यावरून त्यानं डिस्क काढली. स्वस्तातले दहा-वीस सिनेमांचे संच यांनीच भरलेले असतात. मीही असा एक संच मागवला होता. डिस्क उलटी केली तर खालची बाजू जांभळी. कारखान्यात छापलेली डिस्क चंदेरी किंवा किंचित सोनेरी असते. जांभळी किंवा हिरवट निळी असेल तर ती कुणीतरी संगणकावर राइट केलेली आहे. दोन उन्हाळ्यांत त्यांतल्या चार लागेनाशा झाल्या. विक्रेत्यानं उत्तर दिलं नाही, आणि मला त्या पैशांपेक्षा त्या सिनेमांचं वाईट वाटलं, कारण ते मी प्रथमच बघितले होते ते त्या धुरकट अवस्थेत.

‘डिटूर’चं उदाहरण तर प्रत्येक संग्राहकानं लक्षात ठेवावं. अवघ्या अडुसष्ट-एकोणसत्तर मिनिटांचा, अगदी कमी पैशांत केलेला सिनेमा. वर्षानुवर्षं त्याच्या खराब प्रतीच फिरत होत्या. मग अमेरिकेतल्या, ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या फिल्म संग्रहालयानं त्याचा जीर्णोद्धार हाती घेतला. चांगली प्रत सापडली ती बेल्जियमच्या सिनेमा संग्रहालयात, आणि तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश सबटायटल्स चित्रातच छापलेली होती. ती एकेक चौकटीतून पुसून काढावी लागली. क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क कंपनीनं २०१९ मध्ये या जीर्णोद्धाराची डिस्क काढली. माझी जुनी आणि ही, दोन्ही मी एका रात्री पाठोपाठ लावल्या. जुन्या प्रतीत नायक गाडी चालवतो तेव्हा त्याच्या खांद्यामागं नुसती राख होती. नव्या प्रतीत तिथं रात्र आहे.

‘टच ऑफ इव्हिल’ घेताना कोणता कट, म्हणजे संकलित आवृत्ती, आहे ते बघा. स्टुडिओनं दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या हातून सिनेमा काढून घेऊन बदलला, तेव्हा त्यानं ५८ पानांचं टिपण लिहून पाठवलं. त्या टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये संकलक वॉल्टर मर्च यांनी नवी जुळणी केली. मी तीच आधी बघायला सांगेन. पण ज्या डिस्कवर १९५८ चा कटही दिलेला आहे तीच घ्या, दोन्ही शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. उलट ‘ब्लड सिंपल’ (१९८४). कोएन बंधूंनी पुढं स्वतःच तो थोडा आखडला, म्हणून तिथं ‘डायरेक्टर्स कट’ मूळ सिनेमापेक्षा छोटा आहे. ते शब्द दिसले म्हणजे जास्त मिळालं, असं धरून चालू नका.

डिस्क चांगली की वाईट हे ओळखायला मी एक प्रसंग ठरवून ठेवला आहे. ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४). विमा विकणारा नायक त्या घरात पहिल्यांदा जातो, दिवाणखान्यात खिडकीच्या पट्ट्यांतून ऊन येतंय आणि त्या उन्हात धूळ तरंगते. कॅमेरामन जॉन साइट्झ यांनी त्यासाठी हवेत बारीक चंदेरी भुकटी उडवली होती. आमच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सकाळी पत्र्याच्या भोकातून ऊन येतं, तेव्हा सुताची धूळ अशीच लखलखते, एकेक तंतू वेगळा दिसतो. वाईट डिस्कवर त्या जागी पिवळट धुकं दिसेल. फिल्मचा दाणा (चित्रातले बारीक कण) घालवून चित्र गुळगुळीत केलेल्या डिस्कवर धूळ गायबच होईल आणि चेहरे मेणाचे दिसतील. फिल्मला दाणा असतो, तो राहिला पाहिजे. मग थांबवा आणि काळ्या कोटाची कड शोधा. काळा कोट काळ्या भिंतीपाशी असतानाही कोट कुठं संपतो ते दिसलं पाहिजे. दिसलं की डिस्क पास.

तपासण्याआधी टीव्ही मात्र सरळ करून घ्या. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद, रंग भडक करणारा ‘व्हिव्हिड’ मोड बंद, फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड चालू. जुने सिनेमे जवळजवळ चौरस असतात, तेव्हा दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहणारच. ते भरायला चित्र ताणू नका. आणि खोलीत अंधार करा. आमच्या खिडकीसमोर रस्त्याचा दिवा आहे. मी खिडकीवर दोन सोलापुरी चादरी एकावर एक टाकतो. पडद्यापेक्षा त्या जाड, प्रकाशाचा ठिपका आत येत नाही. आई म्हणते, ‘‘काय बघायलास एवढं अंधारातलं?’’ मग तिच्यासाठी ‘हावडा ब्रिज’ लावतो आणि दोघं बघतो.

निओ-नॉयरमध्ये मी मोजकंच ठेवतो: ‘चायनाटाउन’ (१९७४), ‘बॉडी हीट’ (१९८१), आपल्याकडचे ‘एक हसीना थी’ (२००४) आणि ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ (२००७). श्रीराम राघवन यांचा ‘जॉनी गद्दार’ (२००७) तर घरात हवाच. तो दिग्दर्शक विजय आनंद आणि रहस्यकथाकार जेम्स हॅडली चेस यांना अर्पण केला आहे, आणि त्याची सुरुवात कृष्णधवल आहे. ‘सी.आय.डी.’नंतर लगेच बघा, धागा कुठं जुळतो ते आपोआप कळेल.

सोलापुरात साठवणीचा प्रश्न उन्हाचा आणि धुळीचा. मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा माळ्यावर किंवा स्लॅबखालच्या वरच्या फळीवर डिस्क ठेवू नका. घरातली आतली भिंत, कमरेच्या उंचीचं कपाट, डबे उभे. राइट केलेल्या डिस्कना ऊन सगळ्यांत आधी मारतं. प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत ठेवू नका, गरमीनं ती पृष्ठभागाला चिकटतात. पुसताना मऊ सुती कापड, मधल्या भोकापासून सरळ कडेकडे. गोल गोल कधीच नाही. टॉवेलनं तर मुळीच नाही, हे टॉवेलवालाच सांगतोय: त्याच्या लूपमध्ये धूळ बसलेली असते आणि तीच ओरखडे काढते.

फळीवर मी डिस्क कॅमेरामनच्या नावानं लावतो. निकोलस मुसुराकांच्या खणात ‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७), जॉन ऑल्टन यांच्या खणात ‘टी-मेन’ (१९४७) आणि ‘द बिग कॉम्बो’ (१९५५), त्यांच्या शेजारी मूर्ती. दिग्दर्शकाच्या नावानं लावलं तर ज्यांनी हा अंधार घडवला ते विखुरले जातात.

आणि डिस्क घरी आली की परत करण्याची मुदत संपायच्या आत ती शेवटपर्यंत चालवून बघा. पहिली पाच मिनिटं बघून कपाटात ठेवू नका. दोन थरांची डीव्हीडी साधारण मध्यावर एका थरावरून दुसऱ्यावर जाते, आणि खराब असेल तर तिथंच अडकते. ते ठिकाण पार झालं, शेवट नीट आला, की वहीत तारीख, किंमत, मिनिटं आणि काळा कसा आहे ते लिहा, मगच तिला तिच्या खणात ठेवा.