गाडीखाली गेलेल्या हरणाचं कातडं आणि शेपूट कसं कमवावं

भारतात हे काम करता येत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार मेलेला सापडलेला वन्यप्राणी ही सरकारी मालमत्ता ठरते. तो ताब्यात आला तर 48 तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. ससा असो की साळिंदराचा एखादा काटा, घरी आणायचा नाही. महाराष्ट्रात असं जनावर दिसलं तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. हात बसवायचा असेल तर खाटकाकडून बोकडाचं ताजं कातडं आणा. पुढची सगळी कृती त्याला जशीच्या तशी लागू पडते.

इथली माहिती अमेरिकेच्या वायव्य भागासाठी आहे. सिअ‍ॅटल-पोर्टलंड पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि काळ्या शेपटीची हरणं तिथे रस्त्यावर नेहमी सापडतात. वॉशिंग्टन राज्यात 2016 पासून असं हरीण उचलायला परवानगी आहे, पण 24 तासांत ऑनलाइन परवाना काढावा लागतो. क्लार्क, काउलिट्झ आणि वाकायकम या काउंट्यांत हरीण उचलता येत नाही, कारण तिथे संरक्षित कोलंबियन पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. ओरेगनमध्ये हा कायदा 1 जानेवारी 2019 पासून लागू आहे. तिथेही 24 तासांत परवाना लागतो, शिवाय डोकं आणि शिंगं पाच कामकाजाच्या दिवसांत राज्याच्या वन्यजीव खात्याकडे जमा करावी लागतात. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तिथला नियम आधी वाचा. पक्ष्याच्या मागे लागूच नका: 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्यामुळे बहुतेक देशी पक्ष्यांचं पडलेलं पीससुद्धा जवळ ठेवता येत नाही. आणि कमावलेलं कातडं परवानगीशिवाय भारतात आणू नका.

कातडं घेण्यासारखं आहे का?

याचा निकाल रस्त्याच्या कडेलाच लागतो. जनावर मेल्यावर जिवाणू सर्वांत आधी केसांच्या मुळाशी काम सुरू करतात. पोटाचे आणि जांघेतले केस चिमटीत धरून हलकेच ओढा. केस पापुद्र्यासकट हातात आले तर ते कातडं केसांसकट कमावण्याच्या कामाचं राहिलेलं नाही. नंतर कितीही मीठ किंवा आम्ल घातलं तरी सुटलेला केस परत धरत नाही. पोटाची कातडी हिरवट दिसत असेल तरी सोडून द्या. थंडीत, पारा 5 अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर रात्री मेलेलं हरीण सकाळीही चांगलं निघतं. उन्हाळ्यात दोन-तीन तासही जास्त होतात.

शरीर थंड पडू लागलं की गोचीड नवं अंग शोधत निघतात, आणि लाइम रोग त्यांच्यातूनच पसरतो. पूर्ण बाह्यांचे फिकट कपडे आणि नायट्रिल हातमोजे घाला. रॅकून, स्कंक, कोल्हा किंवा वटवाघूळ यांना नवख्याने हात लावू नये, कारण तिथे रेबीजचा धोका आहे. हरणाचा मेंदू आणि पाठीचा कणा उघडू नका. हरणांच्या मेंदूचा जीवघेणा आजार, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, प्रायॉनमुळे (बिघडलेल्या प्रथिनामुळे) होतो, आणि प्रायॉन उकळून नष्ट होत नाही. 2024 मध्ये स्पोकेन भागात तो वॉशिंग्टन राज्यात प्रथम आढळला, त्यामुळे तिकडच्या हरणांच्या तपासणीचे नियम परवाना काढतानाच पाहून घ्या. मेंदू लावून कातडं कमावण्याची जुनी पद्धत या हरणांवर वापरू नका.

सोलणं आणि मास काढणं

सुरी नेहमी कातड्याच्या आतून, धार बाहेर करून चालवा, म्हणजे केस कापले जात नाहीत. पहिली चीर पडली की सुरी बाजूला ठेवा. ताज्या हरणाचं कातडं मूठ घालून ढकललं की सुटत जातं. सुरीचा मोह धरला की भोकं पडतात. जिथे गाडीचा मार बसला आहे तिथे रक्त साकळलेलं असतं. तो भाग लगेच थंड मिठाच्या पाण्याने धुवा, नाहीतर डाग राहतो.

लगेच वेळ नसेल तर कातडं आधी पसरून पूर्ण गार करा आणि मगच गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा. गरम कातड्याची जाड घडी घातली तर मधला भाग तासन्‌तास उबदार राहतो आणि केस नेमके तिथेच सुटतात.

मग गुळगुळीत ओंडक्यावर किंवा जाड पीव्हीसी पाइपवर कातडं टाकून बोथट सुरीने मास, चरबी आणि वरचा पातळ पापुद्रा खरवडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई करू नका. मीठ चरबीतून आत जात नाही. जिथे चरबी राहिली तिथे मीठ पोचणार नाही, आणि तिथलेच केस पुढे गळतील.

मीठ

कातड्याच्या वजनाइतकं बारीक, आयोडीन नसलेलं मीठ घ्या. खडे मीठ नको, ते हळू विरघळतं आणि तेवढ्या वेळात जिवाणू पुढे जातात. उतरत्या फळीवर केस खाली करून कातडं पसरा आणि मासाच्या बाजूला सगळीकडे मीठ चोळा. कडा, कान आणि मानेच्या घड्या हटकून सुटतात, तिथे पुन्हा बोटं फिरवा. 24 तासांनी ओलं मीठ झाडून टाका, पहिल्याच्या निम्मं नवं मीठ लावा आणि आणखी दीड-दोन दिवस ठेवा. पाणी गळायचं थांबून कातडं ताठर झालं की मीठ लागलं.

आम्लाचं पाणी

प्लॅस्टिकची बादली किंवा पिंप घ्या, धातूचं भांडं चालत नाही. एका मध्यम कातड्याला 15 लिटर पाणी, 1.8 किलो मीठ आणि सुमारे 340 ग्रॅम लिंबूसत्व (सायट्रिक अ‍ॅसिड) लागतं. आम्लता मोजायच्या पीएच पट्टीवर 2 च्या जवळपास दिसलं पाहिजे. 3 च्या वर गेलं तर लिंबूसत्व वाढवा. मीठ मात्र कमी करू नका. मिठाशिवाय आम्लात गेलेलं कातडं पाणी ओढून जेलीसारखं फुगतं आणि त्याचे धागे कायमचे सैल होतात.

खारवलेलं कातडं आधी साध्या मिठाच्या पाण्यात (लिटरला 120 ग्रॅम) मऊ होईपर्यंत भिजवा, मग आम्लात बुडवा. किमान तीन दिवस ठेवा आणि दिवसातून दोनदा हलवा. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून मानेचा जाड भाग रापीने किंवा धारदार सुरीने तासा. आम्लात फुगलेली, पांढरी झालेली कातडी सोलपटासारखी निघते. मान पातळ केली नाही तर ती शेवटी फळीसारखी कडक राहते. मग परत आम्लात टाका.

तीन दिवसांनी कातडं निथळवा आणि लिटरला 7 ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात 20 ते 30 मिनिटं हलवत ठेवा. त्याहून जास्त नको. मग साध्या पाण्यातून काढून तास-दोन तास टांगा. ते ओलसर राहिलं पाहिजे.

तुरटी

450 ग्रॅम तुरटी 4 लिटर कोमट पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात 2 लिटर पाण्यात 110 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि 220 ग्रॅम मीठ घ्या. सोड्याचं पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी बारीक धारेने, ढवळत ओता. फेस येतो, म्हणून भांडं मोठं हवं. भसकन ओतलं तर पांढरा साका बसतो, तो पुन्हा विरघळत नाही आणि तेवढी तुरटी वाया जाते.

थोड्या पाण्यात कालवलेलं मैद्याचं पीठ घालून हे द्रावण पिठल्याइतकं दाट करा आणि मासाच्या बाजूला 3 मिलिमीटर जाडीचा थर लावा. वर जुनं सुती कापड टाका. दुसऱ्या दिवशी थर खरवडून नवा लावा. असे तीन थर द्या आणि शेवटचा तीन-चार दिवस ठेवा. मानेच्या कडेला बारीक काप देऊन पाहा: काप आरपार एकसारखा पांढरा दिसला तर तुरटी आत पोचली. मधे निळसर, काचेसारखी रेघ दिसली तर आणखी एक थर.

4 लिटर पाण्यात 30 ग्रॅम टाकणखार (बोरॅक्स) घालून पटकन धुवा आणि पिळा. भिजत ठेवू नका. तुरटीचं कातडं पाण्यात भिजलं की तुरटी निघून जाते, म्हणून असं कातडं पुढेही कधी पाण्यात धुवायचं नसतं.

आता सल्फेटेड, म्हणजे पाण्यात मिसळणारं, नीट्सफूट तेल (हे गुरांच्या पायाच्या हाडांचं असतं) दुप्पट गरम पाण्यात मिसळून मासाच्या बाजूला चोळा आणि सावलीत वाळवा. ताणल्यावर कातड्यात पांढऱ्या रेघा उठायला लागल्या की खरी मेहनत सुरू होते. खुर्चीच्या पाठीवर किंवा बांधलेल्या दोरावर पुढे-मागे घासा, सगळ्या दिशांनी ताणा, पूर्ण वाळेपर्यंत. ही वेळ चुकून कातडं कडक झालं तर घाबरू नका: मासाची बाजू ओल्या फडक्याने दमट करा, रात्रभर गुंडाळून ठेवा आणि पुन्हा ताणा. बहुतेक कातड्यांना दोन-तीन खेपा लागतात.

हरणाचा हिवाळी केस आतून पोकळ असतो आणि पायाखाली तुटतो. म्हणून हे कातडं भिंतीवर लावा, जमिनीवर अंथरू नका.

पहिल्यांदा फक्त शेपूट करा

सगळं कातडं झेपणार नसेल तर शेपटीपासून सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. चुका त्याच, पण नुकसान छोटं. मुळाशी कातडी सोलून हाडाला दोन काड्यांच्या चिमट्यात धरा आणि कातडी टोकाकडे ओढा. हाड आत राहिलं तर शेपूट हमखास सडते. मग खालच्या बाजूने टोकापर्यंत चीर द्या, शेवटचा इंचभरही सोडू नका. बंद टोकात मीठ जात नाही आणि महिन्याभराने तिथलाच झुपका हातात येतो. मासेमारीच्या गळावर खोट्या माश्या बांधायला केस हवे असतील तर कमावण्याचीही गरज नाही: मीठ लावून दोन दिवस, मग टाकणखार चोळून आठवडाभर सपाट वाळवा.

वापरलेलं आम्लाचं पाणी फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घालून मारा आणि भरपूर पाण्यासोबत घरातल्या मोरीत ओता. घरचा सांडपाण्याचा सेप्टिक टँक असेल तर त्यात नको. हिरवळीवर किंवा झाडांच्या मुळाशीही ओतू नका, एवढ्या मिठात तिथे बराच काळ काही उगवत नाही.